वॉचमन आहे, पण दार कोण उघडतं?

सोमवारची सकाळ. डेस्कवर चहाचा कप, समोर मेल्सचा ढीग. त्यात आठवतं, क्रेडिट कार्डचं बिल भरायचंय! तुम्ही बँकेचा पत्ता टाइप करता. ब्राउझर काहीतरी वॉर्निंग देतो, ती तुम्ही घाईघाईत क्लिक करून घालवता. पान उघडतं. रंग तोच, लोगो तोच. फक्त पान बँकेचं नाही!

पत्ता तर अचूक होता. मग घोळ कुठे झाला?

घोळ 'होस्ट्स' नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असू शकतो. विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरच्या पोटात ती गपचूप बसलेली असते. कुठल्याही साइटचं नाव दिलं, की कम्प्युटर आधी या फाइलमध्ये डोकावतो, मग बाहेर इंटरनेटवर विचारतो. थोडक्यात, ही त्याची खासगी फोन डायरी. डायरीतला नंबरच कोणी बदलला, तर तुम्ही लावाल आईला फोन आणि उचलेल भलताच माणूस!

'सोड रे वर!'

अशा वेळी अँटी-स्पायवेअर काय करतं? २००० च्या दशकात 'स्पायबॉट' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा 'टीटायमर' विंडोजच्या रजिस्ट्रीवर पहारा द्यायचा. कोणी हात लावला, की लगेच पॉप-अप : बदल होतोय, चालेल का? २००७ मध्ये घरोघरी आलेल्या व्हिस्टानेही असंच विचारून विचारून लोकांना पिडलं.

सोसायटीचा वॉचमन प्रत्येक पार्सलवाल्यासाठी इंटरकॉम करत असेल, तर पाचव्या फोनला आपण न ऐकताच 'सोड रे वर' म्हणतो ना? पॉप-अपचंही तेच होतं. पहारा चोख, पण शेवटचं बटण आपल्याच हातात!

मित्र की चोर?

दुसरी गंमत म्हणजे पहारेकऱ्याला बदल दिसतो, बदलणाऱ्याच्या मनातलं दिसत नाही. स्पायबॉट स्वतःच होस्ट्स फाइलमध्ये वाईट साइट्सची यादी लिहून त्यांची वाट अडवायचा. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टला जाणारी माहिती रोखायला काहींनी या फाइलमध्ये स्वतःहून ओळी टाकल्या होत्या. डिफेंडरने त्यालाही 'हायजॅक' ठरवून धोक्याची घंटा वाजवली.

कधी पहारेकरीच घात करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची 'एसव्हीसीहोस्ट' ही अस्सल सिस्टम फाइलच व्हायरस समजून पकडली. परिणाम? जगभर कम्प्युटर्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले!

खरं कुलूप

म्हणून पहाऱ्यापेक्षा कुलूप महत्त्वाचं. व्हिस्टापासून विंडोजच्या मुख्य फाइल्सची मालकी 'ट्रस्टेड-इन्स्टॉलर'कडे असते. साक्षात ॲडमिनही त्या सहजासहजी बदलू शकत नाही. होस्ट्स फाइलला मात्र हे कवच नाही. ॲडमिनचे हक्क मिळालेला कुठलाही प्रोग्रॅम तिच्यात खुशाल लिहू शकतो. आणि आपल्यापैकी कितीतरी जण घरच्या लॅपटॉपवर रोज ॲडमिन म्हणूनच लॉग-इन करतात!

तेव्हा बॉस, या वीकेंडला एवढं कराच :

• रोजच्या कामासाठी वेगळं 'स्टँडर्ड' अकाउंट बनवा. ॲडमिनचा पासवर्ड फक्त इन्स्टॉल करताना वापरा.

• 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' ऑन आहे का बघा. त्यामुळे कुणाला डिफेंडरचाच गळा दाबणं कठीण जातं.

• होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा. '#' ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे नुसत्या टिपा. पण '#' नसलेल्या ओळीत तुमच्या बँकेचं नाव दिसलं, तर सावधान! ऑफिसचा लॅपटॉप असेल तर स्वतः काही न पुसता आयटीवाल्यांना गाठा.

• विंडोज १० चा फुकटचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून त्यावरच असाल, तर पुढची सोय बघा.

• ब्राउझरने सर्टिफिकेटबद्दल वॉर्निंग दिली, तर बँकेचं पान तिथेच बंद करा.

आणि पुढच्या वेळी 'चालेल का?' असा पॉप-अप आला, तर चहाचा एक घोट घ्या, नीट वाचा... आणि समजत नसेल, तर सरळ 'नाही' म्हणा!