खळ्यावर उभी राहिलेली कॅरॅव्हॅन

कॅरॅव्हॅन पारखायची असेल तर आत शिरण्याआधी खाली वाकून बघावं. आतला सोफा, रात्री उलगडून होणारा पलंग, खिडकीचे पडदे, दोन शेगड्यांचा ओटा हे सगळं चांगला सुतार महिनाभरात करून देतो. गाडीची खरी अक्कल तळाशी असते. तिथे एका बाजूला चांगल्या पाण्याची टाकी बसवलेली असते आणि तिच्या पलीकडे सांडपाण्याची. संडासाच्या मैल्याची पेटी या दोन्हींपासून वेगळी असते. बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडून ती ओढून काढता येते आणि हँडल धरून रिकामी करायला नेता येते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये पिण्या-वापरायचं पाणी शंभर ते दोनशे लिटरच्या दरम्यान मावतं. चार माणसांचं कुटुंब घरच्या सवयीने नळ सोडू लागलं तर एवढं पाणी एक दिवसही पुरत नाही. जपून वापरलं तर दोन-तीन दिवस निघतात.

विजेचा हिशेब असाच काटेकोर आहे. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 2.4 युनिट वीज. दिवे, पंखा, पाण्याचा छोटा पंप, फोनचं चार्जिंग आणि छोटा फ्रिज यांना ती रात्रभर साथ देते. पण दीड किलोवॉटचा एसी लावला की दीड तासात संपते. म्हणून टपावर सोलर पॅनल असतं आणि बाजूला एक जाड सॉकेट असतं. मुक्कामाच्या ठिकाणी प्लग मिळाला तर तिथून वीज घ्यायची.

आपल्याकडे अशा गाड्या बहुतेक वेळा तयार व्हॅनवर किंवा मिनीबसवर बांधतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर त्यासाठी विशेष पसंत केली जाते, कारण तिच्यात माणूस ताठ उभा राहू शकतो आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. या गाड्यांसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. गॅसची टाकी कुठे बसवायची, झोपायची जागा कशी असावी, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. गाडी भाड्याने घेणाऱ्याने नोंदणीपुस्तकात 'मोटर कॅरॅव्हॅन' लिहिलं आहे का ते जरूर बघावं. घाटात गॅस सिलिंडर घेऊन चढायचं असताना ही चौकशी फार गरजेची ठरते.

हौसेसाठी चाकांवरच्या घरात राहण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली असं मानतात. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरने 1885 मध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांची कॅरॅव्हॅन बांधून घेतली आणि तिच्यातून तो थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. पुढे मोटारी आल्या आणि अमेरिकेत या राहणीला मोठं रूप आलं. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं लहानसं गाव आहे. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडच्या थंडीतून निघालेली हजारो मोटरहोम येऊन उभी राहतात. 'लाँग टर्म व्हिजिटर एरिया' नावाच्या सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना घेऊन राहता येतं. मला त्या व्यवस्थेतली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की पाणी भरायची, मैला रिकामा करायची आणि कचरा टाकायची जागा आधी ठरली आहे. वाळवंटात पाणी आपोआप मिळेल असा भ्रम कोणी बाळगत नाही, त्यामुळे तिथे मुक्कामाची आखणी पाण्यापासूनच सुरू होते.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्क असे त्याचे दोन भाग आहेत. पार्क म्हणजे पाणी, वीज, रस्ता आणि स्वच्छतेची सोय असलेली, गाड्या मुक्कामाला थांबतील अशी जागा. ती सरकारी असू शकते, खासगीही असू शकते. जिथे हॉटेल बांधता येत नाही किंवा बांधू नये, तिथे पर्यटकाच्या राहण्याची सोय व्हावी हा विचार या धोरणामागे आहे, आणि तो मला पटतो. या विचाराची कसोटी लागेल असा प्रदेश मुंबईपासून चार-पाच तासांवर आहे. तो म्हणजे पालघर जिल्ह्यातलं जव्हार-मोखाड्याचं पठार.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. विक्रमगडच्या बाजूने चढणारा रस्ता मोठा अवघड नाही, पण कॅरॅव्हॅनला वळणावर जागा जास्त लागते आणि टाकी भरलेली असेल तर चढावर तिचं वजन जाणवतं. म्हणून जाणते चालक टाकी अर्धीच भरून घाट चढतात. नाशिककडून येणाऱ्याला त्र्यंबकेश्वर सोडल्यावर तोरंगणचा घाट उतरून मोखाडा लागतं. तिसरी वाट कसाऱ्याहून विहिगाव-खोडाळ्यामार्गे येते. देखणेपणात ती पहिली, मात्र अरुंद आहे. पाड्यांवरून जाताना विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या खाली आलेल्या असतात. आपली गाडी नेमकी किती फूट उंच आहे हे चालकासमोर लिहून ठेवलेलं असावं, आणि शंका आली तर एकाने खाली उतरून पुढे चालावं.

हे पठार मुक्कामाला नवं नाही. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला होता आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी तिथे त्यांचं स्वागत केलं, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. मुकणे घराण्याचं हे महादेव कोळी संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. त्यांचा जयविलास राजवाडा आजही झाडीत उभा आहे. शिरपामाळावर गेलं की तळासाठी हीच जागा का निवडली असेल ते कळतं. तिथे मोकळा, उंच, चारी बाजूंनी नजर फिरेल असा माळ आहे.

कॅरॅव्हॅनला मात्र माळापेक्षा खळं जास्त मानवतं. नागली, वरई, भात झोडपायला शेतकरी जमीन सपाट करतो, चोपतो, शेणाने सारवतो. सुगी आटोपली की ती जागा पुढच्या हंगामापर्यंत मोकळी राहते. आम्ही अशाच एका खळ्याच्या कडेला, मालकाला विचारून, गाडी लावली. लावली म्हणजे नुसती उभी केली असं होत नाही. ओट्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत एका चाकाखाली फळी सरकवायची, गाडी वीतभर पुढे घ्यायची, परत बघायचं. गाडी कललेली राहिली तर सिंकमधलं पाणी वाहून जात नाही, काही फ्रिज नीट चालत नाहीत आणि झोपलेला माणूस रात्रभर एका बाजूला घसरत राहतो. शेवटी चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा आणि मग चहाचं आधण ठेवायचं.

खळ्याच्या मालकाच्या घरच्या मावशी गाडीच्या दारात उभ्या राहून आतला सरंजाम बघत होत्या. पलंग, फ्रिज, शेगडी सगळं बघून झालं. मग त्यांनी नळ सोडून बघितला, लगेच बंद केला आणि विचारलं, "पाणी कुठून भरता?" मुंबईहून निघताना भरलं, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलंत. इथलं मागू नका, आमचंच पुरत नाही." त्यात रागाचा लवलेशही नव्हता. संध्याकाळी त्यांनीच नागलीची भाकरी आणि उडदाचं कालवण आणून दिलं.

मावशींचा प्रश्न या पठाराचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पण खाली काळा कठीण बेसॉल्ट, वर मातीचा पातळ थर आणि चहूकडे उतार. पाणी जिरायच्या आत ओढ्यांना लागतं, ओढ्यांतून नद्यांना मिळतं आणि दऱ्यांतून निघून जातं. मार्च उजाडेपर्यंत कितीतरी पाड्यांच्या विहिरींचा तळ दिसू लागतो आणि टँकर सुरू होतात. याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. ते 102 मीटर उंच आहे, मुंबई महापालिकेने बांधलेलं आहे आणि दिवसाला 45.5 कोटी लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी आहे. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर मिळावेत असा आपला निकष आहे. खेड्यातल्या माणसाला जलजीवन मिशनने 55 लिटर ठरवले आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्या पाड्यांना तेवढे मिळणंही कठीण होऊन बसतं. अशा ठिकाणी पाहुणा म्हणून जाणाऱ्याने आपलं पाणी सोबत न्यावं, हे मला सौजन्यापेक्षा कर्तव्य वाटतं. आणि हे कर्तव्य सहज पार पाडता यावं अशी बांधणी असलेलं वाहन म्हणजे कॅरॅव्हॅन.

हॉटेलचं तसं होत नाही. वीस खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहिलं की बोअर मारली जाते, आणि या खडकात एका खोल बोअरचा परिणाम शेजारच्या विहिरीवर होऊ शकतो. दुसरा प्रश्न जमिनीचा. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. हा कायदा फार जुन्या लुबाडणुकीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे आला आहे आणि तो टिकला पाहिजे. कॅरॅव्हॅनला जमीन विकत लागत नाही. रात्रीपुरतं खळं हवं, सकाळी ते तसंच्या तसं परत करता येतं. पैसे थेट खळ्याच्या मालकाच्या हातात जातात. दिवाळीनंतर इथली किती कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर मुलाबाळांसकट निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला या पैशांचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही. पर्यटनाचा बहर आणि स्थलांतराचा काळ एकच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गावातच चार पैसे मिळू लागले तर एखादं घर तरी भट्टीवर जायचं थांबेल, अशी माझी आशा आहे.

मात्र या सगळ्याला एक कडक अट आहे, आणि ती मैल्याची आहे. पेटी साधारण वीस लिटरची असते, चार माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरते. ती ओढ्यात, शेतात किंवा झाडीत रिकामी करणं हा गुन्हा समजला पाहिजे, कारण त्याच ओढ्याच्या काठी खड्डा करून पाड्यावरच्या बाया पाणी भरतात. सांडपाण्यातही साबण आणि तेल असतं. मैला आणि सांडपाणी दोन्ही इथे न सोडता गाडीतूनच पठाराखाली न्यायचं आणि शौचालयाची पक्की सेप्टिक टाकी असलेल्या ठिकाणी, परवानगीने, रिकामं करायचं. पेटीत निळं रसायन जास्त ओतलं तर सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात. म्हणून जैविक पावडर वापरलेली बरी.

यायचं कधी? माझ्या मते पाऊस ओसरताना. तेव्हा खुरासणी फुललेली असते आणि उतारच्या उतार पिवळे होतात. जव्हारजवळ लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा तेव्हा जोमात असतो, पण मुरमाचे रस्ते अजून ओले असल्यामुळे जड गाडी डांबरी सोडून खाली घालू नये. धबधब्याकडे पायी किंवा जीपने जावं. डिसेंबर-जानेवारीत मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या बाजूला थंडी चांगलीच झोंबते. एसीची आठवणही येत नाही आणि बॅटरीवर सगळं निभतं. होळीनंतर गावोगावी बोहाडा होतो. देवदानवांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं मशालीच्या उजेडात रात्रभर नाचतात. तेव्हा यायचं तर गाडी गावाबाहेर लावावी, कारण सोंगं निघतात ती गावातल्या रस्त्यावरूनच. भर उन्हाळ्यात यावं असं मी कोणाला सुचवणार नाही. त्या दिवसांत इथल्या रस्त्यांवर टँकरना वाट मोकळी हवी.

इथे पार्क व्हायचं असेल तर ते ग्रामसभेचं व्हावं. त्याला लागतं काय? पाच-सहा गाड्यांपुरती सपाट जागा, मीटर लावलेले सोळा अँपिअरचे प्लग, झाकणाची मोठी सेप्टिक टाकी आणि तिच्यात पेटी रिकामी करायला एक तोंड, पावसाचं पाणी साठवायला पत्र्याच्या शेडखाली टाकी, आणि दर लिहिलेला फलक. कृषी पर्यटन केंद्रालाही असं पार्क चालवता येईल. जेवण घरोघरी ठरवून द्यावं, म्हणजे नागली-वरईला गावातच गिऱ्हाईक मिळेल. फलकावर पहिली ओळ पाण्याची असावी: येताना भरून आणा, विहिरीवरून घेऊ नका. दुसऱ्या ओळीत किती वाजल्यानंतर गाणी बंद करायची ते लिहावं. आणि दर किती ठेवायचा ते पाहुण्याने सांगू नये, ग्रामसभेनेच ठरवावं.