टाळ वाजतच राहिले तर

आळंदीहून पंढरपूरला निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोहोचली, की दिंड्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर असा, की शेजारच्याचं बोलणं कानावर पडत नाही. मग चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिवशी मात्र एका बाजूच्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. नवख्याला वाटतं, यांना इशारा दिसला नाही. जुना वारकरी ओळखतो: यांची काहीतरी तक्रार आहे.

चोपदार त्या दिंडीपाशी जाऊन विचारपूस करतो. पाण्याचा टँकर आला नाही, राहुट्यांच्या जागेवर दुसऱ्यांनी तंबू ठोकले, वाटेत कुणी क्रम मोडून पुढे घुसलं, अशी गाऱ्हाणी असतात. ती ऐकून घेतल्यावर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते आणि मगच समाजआरती होते. देवाची आरती तक्रारीसाठी थांबते, यात कुणाला वावगं वाटत नाही.

सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस. दिंड्यांचे क्रम, चोपदार, घोडे यांत लष्करी बाज स्पष्ट दिसतो. अशा शिस्तीत नाराजीलाही ठरलेली वेळ आणि जागा मिळावी, ही त्यातली खरी मौज.

पण टाळ वाजवायला आधी दिंडीत असावं लागतं. शिवाय तक्रार दिंडीची असते, एकट्यादुकट्याची नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या वेगवेगळ्या पंगतींबद्दलची खंत लिहून ठेवली आहे. हरिनाम एकत्र, जेवण वेगळं. ही खंत कुठल्या चोपदाराला सांगणार?

पंढरपुरात तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आणि त्यांच्या जातभाईंना विठ्ठलाचं दार बंद, असं शतकानुशतकं चाललं. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागं केलं, मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. विरोध करणाऱ्यांत विठ्ठलाचे भक्त म्हणवणारेही होते. मंदिर खुलं करायला बडव्यांनी, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, मान्यता दिल्यावर १० मे रोजी उपोषण सुटलं.

दार उघडलं, तरी आतल्या कारभाराबद्दलची कुरकुर थांबली नाही. पैशांसाठी यात्रेकरूंची अडवणूक होते, ही जुनी तक्रार होती. ती ऐकायला सरकारला नाडकर्णी आयोग नेमावा लागला आणि १९७३ मध्ये बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा झाला. प्रकरण कोर्टात गेलं. टँकरचं गाऱ्हाणं संध्याकाळच्या आरतीआधी ऐकलं जातं. मंदिराच्या कारभाराबद्दलच्या गाऱ्हाण्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला जानेवारी २०१४ उजाडला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी मुलाखती घेतल्या. त्यांत सर्व जातींच्या उमेदवारांना मुभा होती आणि बायकाही आल्या होत्या.