भाकरी फुगते, तशी काच!

परवा अक्काकडे गेले, तेव्हा भाची गॅसपुढे उभी राहून भाकरी करत होती. पहिली टम्म फुगली. दुसरी मात्र एकाच अंगानं फुगली, दुसरं अंग तसंच चपटं. अक्का म्हणाली, "कडेला जाड ठेवलीस गं." भाची हसून माझ्याकडे वळली, "मावशी, पुढची पाच वर्षं मी हेच करणार आहे. फक्त पिठाऐवजी काच!"

झालं! दाजींनी पेपर खाली ठेवला. कारण घरात वाद चालला होता तो याच गोष्टीवरून. पोरीनं फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि लांबच्या एका प्रयोगशाळेत तिची पीएच.डी.साठी निवड झाली. विषय काय, तर पोकळ काचतंतू. इकडे स्थळं यायला लागलेली. दाजींचं म्हणणं एकच, "पोकळ वस्तूपायी पाच वर्षं घालवायची?"

खरं सांगते, मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. म्हटलं, "बाई, आधी मला समजेल असं सांग. मग मी तुझ्या बापाशी बोलते."

आपल्या रस्त्याकडेला खणून जी इंटरनेटची केबल टाकतात, तिच्यात केसासारखे काचेचे धागे असतात. त्यांतून प्रकाश धावतो आणि आपला फोटो, आपला व्हिडिओ कॉल पोचवतो. हे धागे आपल्या मराठवाड्यातही बनतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा इथं स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे तंतूचे आणि काचेचे कारखाने आहेत. आणि 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्दच मुळी रूढ केला तो पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी, १९६० मध्ये.

पण हा धागा भरीव. काचेतून जाताना प्रकाशाचा वेग कमी होतो. हवेत तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो, काचेत दोन लाख. मग धाग्याच्या मधोमध काचेऐवजी हवाच ठेवली तर? ही कल्पना इंग्लंडमधले शास्त्रज्ञ फिलिप रसेल यांना १९९१ मध्ये सुचली. तसा पोकळ धागा प्रत्यक्ष दाखवायला १९९९ साल उजाडलं.

"मग एवढी वर्षं काय करत होते?" दाजींनी मध्येच विचारलं. मला बरं वाटलं. माणूस ऐकत होता म्हणायचा!

अडचण होती ती बनवण्यात. जाडजूड काचेच्या नळीत आतल्या भिंतीला चिकटवून पाच बारीक नळ्या बसवतात. त्या प्रत्येकीत आणखी एक, तिच्यात आणखी एक. मधली जागा रिकामी, प्रकाश तिथून जाणार. हा सगळा संच उंच मनोऱ्यावर टांगतात, सुमारे दोन हजार अंश तापमानाच्या भट्टीतून खाली सोडतात आणि मऊ झाली की काच ओढून लांबच लांब धागा काढतात. दांडीएवढ्या नळीचा शेवटी केसाच्या जाडीचा धागा होतो आणि आतल्या नळ्यांची रचना मात्र तीच राहायला हवी.

इथं भाकरी आली! काच मऊ झाली की पोकळी मिटायला बघते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या नळीत वेगवेगळ्या दाबानं वायू सोडतात. दाब कमी पडला तर नळी चेपते. जास्त झाला तर ती फुगून शेजारणीला टेकते आणि जिथं टेकली तिथून प्रकाश निसटतो. नळीची भिंत सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. ती सगळीकडे सारखी हवी. एका अंगानं जाड झाली की गेली!

पूर्वी धागा कापून त्याचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. तोवर कितीतरी धागा ओढून झालेला असायचा. चूक कळायची, पण उशिरा. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी वेगळी युक्ती दाखवली. धाग्यावर बाजूनं प्रकाश टाकायचा. आतली प्रत्येक नळी तिच्या व्यासाप्रमाणे ठरावीक रंगाचा प्रकाश धरून ठेवते. त्यावरून तिचं माप कळतं, धागा न कापता. भाकरी न मोडता आतून शिजली का हे कळावं, तसंच!

या नेमकेपणानं काय साधलं, ते ऐका. २००३ मध्ये सर्वांत चांगल्या पोकळ धाग्यात सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर प्रकाश निम्मा व्हायचा. २००५ मध्ये तो अडीच किलोमीटर गेला. २०२५ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या गटानं जो धागा जाहीर केला, त्यात निम्मा व्हायला तेहतीस किलोमीटर लागतात. नेहमीच्या भरीव धाग्यात धाराशिवहून निघालेला प्रकाश तुळजापूर यायच्या आतच निम्मा झाला असता. यात तो आई भवानीच्या गावाच्याही पुढे जाईल!

मी विचारलं, "आपल्याला काय उपयोग?" ती प्रामाणिकपणे म्हणाली, "लगेच गावाकडे येणार नाही मावशी. आधी मोठमोठ्या संगणक केंद्रांना जोडायला लागेल." मायक्रोसॉफ्टनं पंधरा हजार किलोमीटर असा धागा टाकणार असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. पण दवाखान्यात पोकळ धागे आधीच पोचलेत. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण साध्या काचेतून जात नाही. वेगळ्या जातीच्या पोकळ धाग्यातून तो घशापर्यंत नेता येतो आणि शस्त्रक्रिया होते.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोकळी नीट राखणं, हेच काम." पोरगी म्हणाली, "हो बाबा." अक्कानं हळूच डोळे पुसले. तिला फिजिक्स कळलं नसेल, पण लेक बापाला समजावतेय आणि बाप ऐकतोय, हे तिला कळलं होतं.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. चार दिवसांनी अक्काचा फोन आला. पोरगी जाणार आहे. अट एकच, दर दिवाळीला घरी यायचं. स्थळाकडच्यांना दाजींनीच सांगितलं, "मुलगी शिकतेय, थांबायची तयारी असेल तर बोला."

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली लेकही उद्या असला अवघड नावाचा विषय घेऊन येईल. लगेच नाही म्हणू नका. तिला समोर बसवा आणि म्हणा, मला समजेल असं सांग. आणि हो, घरातल्या पुरुषमाणसालाही शेजारी बसवा!