दोन डबे, एक मोजा आणि अर्धा तास

बाळाची वाढ म्हटली की वजन, लसी आणि खाणं एवढंच घरच्यांना आठवतं. खेळणं हातात दिलं जातं ते बहुधा त्याने रडू नये म्हणून. जमैकातल्या एका अभ्यासाने मात्र खेळाचं मोल चक्क पगारात मोजून दाखवलं.

१९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वयाच्या मानाने उंची खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडली. काहींना पूरक आहार मिळाला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊ लागली, काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. सेविकेच्या पिशवीत टाकाऊ वस्तूंची खेळणी असत. तासभर ती मुलाशी खेळे आणि आईलाही खेळायला लावी. खेळणी घरीच ठेवायची, पुढच्या खेपेला बदलायची. हे २ वर्षं चाललं. सुमारे २० वर्षांनी ही मुलं कमावती झाली, तेव्हा घरभेटी मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त भरली. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ फायदा दिसला नाही. (म्हणून आहाराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, उपाशी मूल खेळत नाही.)

बटण दाबताच गाणारी महागडी बाहुली सगळं स्वतःच करते, मूल नुसतं बघत बसतं. मोबाइलचंही तेच. तो बोलतो, पण बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही. एक वर्षाच्या आत पडदा नकोच, दुसऱ्या वर्षीही टाळावा आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

मुलाचं पहिलं नाटक घरातच होतं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळासमोर आई पदराआड जाते, 'कुऽऽक' करते आणि ते खिदळतं. दिसेनाशी झालेली आई तिथेच आहे, हे त्याला कळू लागलेलं असतं. दीड वर्षाच्या सुमारास ते रिकाम्या कपातून चहा पितं, मग बाहुलीला पाजतं. पुढे केळ्याचा फोन होतो. एका वस्तूच्या जागी दुसरी मानायची, हेच तर शब्दही करतात. चार वर्षांची 'डॉक्टरीणबाई' सुई टोचताना बाहुलीला समजावते, म्हणजे दुसऱ्याला दुखतं हे तिला उमगलेलं असतं. जुन्या मोज्याला दोन डोळे काढून हातात चढवला, तर एरवी गप्प असणारं मूलही त्या मोज्याशी बोलू लागतं.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मणी, बिया किंवा बटण सेल लागू देऊ नयेत. दीड वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नये. अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी केली तरी पत्ता मिळतो.