आरोपी सुटला तरी भरपाई मिळते

घरात गुन्हा घडला की खर्च त्याच दिवसापासून सुरू होतो: दवाखाना, बुडणारी मजुरी, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. निकालाला वर्षं लागतात. आरोपीला शिक्षा झाली तरच पैसे मिळतील, अशी समजूत मात्र पक्की बसलेली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी लोक अर्जच करत नाहीत.

आरोपीकडून मिळणाऱ्या पैशांची वाट जुनी. न्यायालय दंडाच्या रकमेतून भरपाई देऊ शकतं किंवा दंड नसेल तर वेगळी रक्कम ठरवू शकतं. पण दंडातून मिळणारे पैसे अपिलाची मुदत संपेपर्यंत, अपील झालंच तर त्याचा निकाल लागेपर्यंत हाती पडत नाहीत. त्यात आरोपी कफल्लक असला तर आदेश नुसता कागदावरच. भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात झालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बजावलं होतं.

दुसरी वाट सरकारी तिजोरीतून जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357-अ आलं ते 31 डिसेंबर 2009 पासून. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 396 आहे. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी योजना करून निधी ठेवायचा, हा त्याचा गाभा. खटला चालवणारं न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं, आरोपी निर्दोष सुटला असला तरीही. आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक स्वतः अर्ज करू शकतात.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, मृत्यू झाला असल्यास दाखला आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवावं. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. तोवर थांबणं शक्य नसेल तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर मोफत उपचार आणि अंतरिम मदत मागता येते. हे मागावं लागतं. आपणहून कुणी सांगेल या भरवशावर राहू नये.

बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. महिला पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरासाठी योजना आखली. तिच्यात सामूहिक बलात्काराला 5 ते 10 लाख रुपये अशी रकमेची चौकट आहे. मंजूर रकमेतले 75 टक्के किमान तीन वर्षांच्या मुदतठेवीत जातात, 25 टक्के लगेच वापरता येतात. नातेवाइकांच्या हातून पैसा वाचावा म्हणून ही तरतूद शहाणपणाची वाटते. डोक्यावर उपचारांचं कर्ज असलेल्या घराला मात्र ती जाचक ठरते. शिक्षणासाठी किंवा औषधपाण्यासाठी ठेवीतली रक्कम आधी काढण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

दहशतवादी हल्ल्याची कहाणी वेगळी. तिथे केंद्राची योजना 1 एप्रिल 2008 पासून लागू आहे आणि पात्रता ठरवण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असतं. मृत्यू किंवा 50 टक्के व त्याहून अधिक कायमचं अपंगत्व आल्यास आधी 3 लाख मिळत, 2016 पासून 5 लाख. हल्ला रेल्वेगाडीत झाला तर आणखी एक दार उघडतं. रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ नुसार प्रवाशांना रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं आणि रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूची भरपाई पूर्वी 4 लाख होती, 2017 पासून 8 लाख.

मुंबईत 2006 मध्ये लोकलमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत दोषी ठरलेल्या सर्व 12 जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये निर्दोष सोडलं. मृतांच्या घरच्यांची भरपाई शिक्षेवर टांगलेली असती, तर 19 वर्षांनंतर तिचं काय झालं असतं?

अर्ज फेटाळला गेला किंवा रक्कम तुटपुंजी वाटली, तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्यासाठी आदेशाची प्रत मात्र मागून घ्यायची, आणि तिच्यावर तारीख आहे ना, तेही पाहायचं.