शुद्ध आहे तोवरच लिहून ठेवा

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. रक्तदाब तपासून झाला तरी उठेनात. मग म्हणाले, "डॉक्टर, थोरल्या भावाला शेवटी बावीस दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. मुलगा म्हणे चालू ठेवा, मुलगी म्हणे आता पुरे. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या घरी हे नको."

गुरुजींना हवी होती ती सोय कायद्यात आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'लिव्हिंग विल', म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केले. मालमत्तेचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे मात्र तो जिवंत असून स्वतःचा निर्णय सांगू शकत नसेल, तेव्हा कामी येते. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. एवढा खटाटोप कोण करणार? २४ जानेवारी २०२३ च्या निकालाने ती अट गेली. आता कोणाही सज्ञान, शुद्धीवरच्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर (शक्यतो घराबाहेरचे) सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावी.

मजकूर मोघम नको. "मला त्रास देऊ नका" यातून अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. बरे होण्याची आशा उरली नसेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे यांपैकी काय नको, ते स्पष्ट लिहा. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक माणसांची नावे घाला. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक नगरपालिका वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मन बदलले तर लेखी रद्द करता येते.

"म्हणजे इंजेक्शन देऊन मारणार?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. मुळीच नाही. तशी परवानगी आपल्या कायद्यात नाही. निष्फळ उपचार थांबतात, वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहते. इस्टेटीसाठी मुले घाई करतील, हीही भीती असते. पण निर्णय मुलांच्या एकट्याच्या हाती नसतो. रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे मंडळ मत देते, मग दुसरे मंडळ ते तपासते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनाही कळवावे लागते.

गुरुजींनी महिनाभराने कागद आणून दाखवला. मुलाच्या जोडीला सुनेचेही नाव होते. मी पाहतच राहिलो, तसे म्हणाले, "तो रडत बसेल. ती वाचून दाखवील."