चरबी बोटांना कळते

सकाळी साडेसहा. फ्रान्सच्या शारोले भागात जानेवारीत या वेळी मिट्ट काळोख. गोठ्यात दिवा लागतो. पांढऱ्या शारोले गाई पेंढ्यावर बसून रवंथ करताहेत. बहुतेक शरदातल्या गाभण-तपासणीत रिकाम्या निघालेल्या, काही वयस्कर. पलीकडच्या कप्प्यात पैदाशीसाठी न ठेवलेल्या कालवडी. वासरं तोडून दूध आटलं की खुराक सुरू होतो. भाकड गाय म्हटली की आपल्याला पोसायचा खर्च दिसतो. इथे ती विकायच्या आधी शंभरेक दिवस खाऊ घालायची असते.

सात वाजता आधी वाळलं गवत, मगच आंबोण: भरडलेलं जव, बीटचा चोथा, जवसाची पेंड. क्रम चुकवायचा नाही. रिकाम्या पोटी धान्य गेलं तर पोटात आम्ल होतं आणि गाय खाणंच टाकते. म्हणून आंबोण दोन-तीन आठवड्यांत चढवत न्यायचं, तेही दोन वेळांत वाटून. गव्हाणीकडे कोण उशिरा आली, हे याच वेळी दिसतं.

नऊला नवा पेंढा, पाण्याची भांडी धुणं. मग जेवणापर्यंत कागदपत्रं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दोनचं काम मात्र बघण्यासारखं. मालक गाईला अडकवतो, शेपटीच्या मुळाशी कातडी चिमटीत धरतो, मग शेवटच्या बरगड्यांवर तळवा दाबून फिरवतो. मूळ गुबगुबीत, बरगडीवर मऊ थर: तयार. हाड टोचलं तर अजून थांबायचं. वाढत्या वयाची कालवड आधी अंग भरते, चरबी मागाहून धरते. तिला घाई चालत नाही. हार्मोन टोचून वाढवण्यावर तर युरोपात 1980च्या दशकापासून बंदी आहे. कत्तलखान्यात चरबीला 1 ते 5 दर्जे देतात. खाटकाला 3 हवा असतो. यंत्रं आली, पण गोठ्यातला निर्णय अजून बोटांवरच होतो, आणि माझ्या मते ते बरं आहे.

चारला गवत, दुसरं आंबोण.

सहाला व्यापाऱ्याचा फोन. सैं-क्रिस्तोफ-आं-ब्रियोनेचा बाजार बुधवारी भरतो, पण आज तयार ठरलेल्या दोन गाई थेट कत्तलखान्यात जाणार. कानातले बिल्ले गाईंच्या पासपोर्टशी ताडून झाले. अजून महिनाभर ठेवल्या असत्या तर वजन वाढलं असतं, पण ते बहुतांशी चरबीचं. ती कापून टाकली जाते, आणि तिच्यासाठी घातलेल्या धान्याचे पैसे मालकाच्याच खिशातून जातात.